मास्तरचा हलका हात

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. मालकांची अट आहे. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या प्रिंटरचं झाकण निघालं. त्याला माझा हात जबाबदार आहे, असं टेस्टरबाईंनी लेखी दिलं. मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की यापुढे राग आला तर हात उचलायचा नाही, वही उचलायची. मी लगेच मान्य केलं. वास्तविक मला राग येतच नाही. मी शांत माणूस आहे. वस्तूंनाच माझ्यासमोर नीट वागता येत नाही.

या महिन्याचे संकल्प: एकही वस्तू मोडायची नाही. 'मास्तर' वेळेत पूर्ण करायचा. मेहुण्याशी गोड बोलायचं.

मास्तर म्हणजे आमच्या कंपनीचं नवं यंत्र. एक लोखंडी खांब, त्याला दोन हात, हातांच्या टोकांना बॉक्सिंगचे ग्लोव्हज. बॉक्सरने समोर उभं राहायचं, मास्तर ठोसे मारणार, बॉक्सरने ते चुकवायचे नाहीतर झेलायचे. जोर एक ते नऊ. एक म्हणजे पाठ थोपटल्यासारखा. नऊ म्हणजे बैलाने दिल्यासारखा. हात फिटरने बनवले, अक्कल मी घातली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय तेवीस, धंदा बॉक्सिंग, मुक्काम गेले सात महिने आमच्या हॉलमधला सोफा. रोज सहा अंडी. १ मार्चला त्याची निवड स्पर्धा आहे. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, म्हणजे ही शेवटचीच. तो निवडला जाईल असं घरात कोणालाही वाटत नाही. सासरे तर फोनवर त्याला नोकरीच्या जाहिराती वाचून दाखवतात. मी मात्र त्याच्या पाठीशी आहे. निवडला गेला तर त्याला होस्टेल मिळेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी

मास्तरची अक्कल मी प्रोग्रामिंगच्या एका फंक्शनल भाषेत लिहितोय. ऑफिसात ती दुसऱ्या कोणाला येत नाही. मालकांना सांगितलं, की या भाषेची खासियत म्हणजे एकदा दिलेली किंमत बदलत नाही. दिलेला शब्द फिरवत नाही. मालक म्हणाले, की वा, म्हणजे तुमच्यासारखीच. मी नम्रपणे हसलो.

कार्यक्रम साधा आहे. मास्तरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जोराचा आकडा लिहायचा. माझ्या कोडमध्ये सगळ्यात वर एक ओळ: जोर म्हणजे फाइलमधला आकडा. त्याखाली अट: जोर तीन किंवा कमी असेल तर हलका ठोसा, नाहीतर पूर्ण. लहान मुलालाही कळेल.

कंपायलरला मात्र कळत नाही. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला समजेल असं उतरवून देणारा कारकून. आज मी फाइलमध्ये नऊ ठेवून कोड उतरवायला दिला, तर याची कुरकुर सुरू: ही अट कधीच खरी होणार नाही. अशा इशाऱ्यांच्या ओळी मोजल्या. दोनशे चौदा. मी तिथेच बसून कुरकुर बंद करायची सोय शोधली आणि बंद केली. आता कसं शांत वाटतंय.

मग मालकांसमोर पहिली चाचणी. समोर रबरी पुतळा उभा केला. मास्तरने पहिल्याच ठोशात पुतळ्याचं मुंडकं उडवलं. ते भिंतीवर आपटून परत येऊन फिटरच्या पोटात बसलं. मालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. फिटर खाली बसला होता.

कीबोर्डची तीन बटणं निघाली. आनंदात हात जरा जोरात पडला. ही मोडतोड धरायची नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टेस्टरबाईंनी फाइलमध्ये दोन लिहिलं, खांद्याला गादी बांधली आणि मास्तरसमोर उभ्या राहिल्या. मास्तरने त्यांना टेबलावरून पलीकडे टाकलं. त्या उठल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, की आकडा दोन आहे आणि ठोसा नऊचा बसतोय. मी म्हटलं, बाई, तुम्ही वजनाने हलक्या आहात, तुम्हाला दोनही जड वाटणार. त्यांनी बाही वर करून खांदा दाखवला. वांग्याच्या रंगाचा झाला होता. मी म्हटलं, की गादी नीट बांधली नसेल.

त्यांनी तक्रार नोंदवली. मी कोड उघडून पुन्हा वाचला. अट आहे, डोळ्यांना दिसते. वाचताना ठोसा हलकाच बसतो. तक्रारीवर 'दोष नाही' असं लिहून ती बंद केली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी तक्रार पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली. हे संध्याकाळपर्यंत नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी मी कॉफीच्या मशीनला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलं. मशीनला काही झालेलं नाही, तेव्हा संकल्प शाबूत.

घरी मेहुणा सोफ्यावर. मी गोड बोललो. म्हटलं, जरा पाय घे. त्याने घेतले. मग त्याने उत्साहाने विचारलं, की दाजी, तुमच्या मास्तरसमोर मला सराव मिळेल का. त्याच्या बरगडीला जुना मार आहे, कोचने सांगितलंय की फार जोराचे झेलायचे नाहीत. मी म्हटलं, दोनवर ठेवतो, दोन म्हणजे गुदगुल्या. तो इतका खूश झाला की सोफ्यावरून उठला. सात महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या घरात बसायला जागा मिळाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

टेस्टरबाई आज वेगळ्या वाटेने आल्या. म्हणाल्या, की बाकी काही करू नका, फक्त कोड एकदा नव्याने कंपाइल करा. चार मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, कोडचं एक अक्षर बदललेलं नाही, मग परत कशाला उतरवायचा? त्या म्हणाल्या, की माझा एक संशय आहे. मी म्हटलं, संशयाला औषध नाही.

फिटर मागून पुटपुटला, की नाचता येईना अंगण वाकडं. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. बहुतेक बाईंना.

१२ फेब्रुवारी, बुधवार. जेवणानंतर

बायकोने विचारलं, की ते यंत्र धोक्याचं तर नाही ना. माझा एकच भाऊ आहे. मी सांगितलं, की बारा वर्षांत माझ्या कोडमध्ये चूक सापडलेली नाही. ती म्हणाली, सापडली नाही की तुम्ही सापडू दिली नाही? ताट जरा जोरात ठेवलं गेलं. ताटाला चीर. काचेचं होतं, आज ना उद्या जाणारच होतं.

नंतर मेहुणा सहावं अंडं खात असताना मी सहज बोलून गेलो, की याला एकदा कोणीतरी सणसणीत ठेवून दिल्याशिवाय हा सरळ होणार नाही. मी विनोद केला होता. बायको हसली नाही. मेहुणा हसला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६

झालेलं जसंच्या तसं लिहितो.

सकाळी अकराला मेहुणा वर्कशॉपमध्ये आला. हेल्मेट, ग्लोव्हज, दातांची पट्टी, सगळं घालून. मी स्वतः फाइल उघडली, स्वतः दोन लिहिलं, जतन केलं. टेस्टरबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, की मी याला उभं राहू देणार नाही. मी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. ढकललं नाही, बाजूला केलं. त्या कपाटावर आपटल्या.

मास्तर सुरू. पहिला ठोसा हेल्मेटवर. मेहुणा तीन पावलं मागे गेला. मी ओरडलो, की दोनच आहे रे, नाटक करू नकोस. दुसरा बरगडीवर. त्याच्या तोंडातून आवाज आला, पण तो उभा राहिला. मी पुन्हा ओरडलो, दोन, दोन. तिसरा त्याने हातावर झेलला. हात खाली आला. चौथा पोटात. तो वाकला आणि परत सरळ झाला. मला आठवतंय, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. पाचवा जबड्यावर.

आवाज लाकूड मोडल्यासारखा होता. फिटरने धावत जाऊन वायर उपटली. तोवर सहावा ठोसा रिकाम्या हवेत गेला होता. मेहुणा खाली होता आणि फरशीवर त्याचा एक दात.

मी फाइल पुन्हा उघडून बघितली. दोनच होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार. हॉस्पिटल

जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारांनी बांधलाय. एक बरगडी गेली. १ मार्च गेला. म्हणजे सगळंच गेलं. त्याला बोलता येत नाही, म्हणून एक छोटी पाटी आणि मार्कर दिलाय.

त्याचा कोच कॉरिडॉरमध्ये भेटला. मी हात पुढे केला. त्याने माझ्या कानाखाली वाजवली. कोचचं वय साठ असेल. तरी ती दोनची नव्हती.

बायको माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा, लिफ्टमध्ये, समोर बघत विचारलं, की खरं सांगा, मुद्दाम केलंत का. मी म्हटलं, वेडी आहेस का. ती म्हणाली, मग कसं झालं. इथे माझी पंचाईत झाली. मुद्दाम केलेलं नाही हे दाखवायचं, तर चुकून झालं म्हणावं लागेल. चुकून झालं म्हणावं, तर चूक कोणाची? कोड माझा. मी विचार केला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचली. मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चौकशीत कारण सापडलं: स्प्रिंग. फिटरच्या स्प्रिंग ताठ आहेत. मालकांना तसं लेखी दिलं. मन हलकं झालं.

त्यानंतर टेस्टरबाई माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. खांद्यावर अजून पट्टी. आता कपाळावरही. शांतपणे म्हणाल्या, की तुमची ती वरची ओळ, जोर म्हणजे फाइलमधला आकडा, ती मास्तर सुरू होताना चालत नाही. ती कंपाइल होताना एकदाच चालते, तुमच्या लॅपटॉपवर. त्या दिवशी फाइलमध्ये नऊ होतं. कंपायलरने नऊ वाचलं आणि जिथे जिथे जोर लिहिलंय तिथे तिथे नऊ कोरून टाकलं. मग अट उरली ती अशी, की नऊ हा आकडा तीन किंवा कमी आहे का. तो कधीच नसणार. म्हणून हलक्या ठोशाची अख्खी फांदी त्याने छाटली. मास्तरला हलका ठोसा माहीतच नाही. फाइलमध्ये तुम्ही काहीही लिहा, ती आता कोणी वाचत नाही. दुकानाची पाटी रंगवून झाल्यावर खिशातल्या कागदावरचं नाव बदलून काय होणार?

मी म्हटलं, असं असतं तर कंपायलरने सांगितलं असतं.

त्यांनी माझ्या लॅपटॉपवर चार तारखेच्या, मी बंद केलेल्या इशाऱ्यांची नोंद उघडली. पडद्यावर ओळी यायला लागल्या. ही अट कधीच खरी होणार नाही. ही अट कधीच खरी होणार नाही. मी लॅपटॉपचं झाकण लावलं. बाईंची बोटं मध्ये होती हे मला दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. त्या म्हणतात ते पटण्यासारखं नाही. अट मी लिहिली आहे. मीच लिहिलेली अट माझ्याविरुद्ध कशी जाईल?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज हॉस्पिटलात विलक्षण गोष्ट घडली. मेहुण्याने मला खुणेने जवळ बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, की दाजी, मला कळलंय. तुम्ही मुद्दाम नऊवर ठेवलं होतं. मला धडकी भरली. त्याने पुसून पुढे लिहिलं, की मी घाबरू नये म्हणून तुम्ही दोन दोन ओरडत होतात. मी चार झेलले. नऊचे चार. मी झेलू शकतो असं तुम्हाला वाटलं. घरात दुसऱ्या कोणालाच वाटलं नसतं.

तो तारांमधून हसत होता. डोळ्यांत पाणी होतं. आता अशा वेळी आजारी माणसाचं मन मोडायचं का? मी त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, हो रे, माझा तसाच विचार होता. तुझी कुवत मी ओळखून होतो.

बोलल्यावर मलाही ते बरंचसं खरं वाटायला लागलं. घरी येताना गाडीत मी स्वतःवर खूश होतो.

१८ फेब्रुवारी, पुन्हा. संध्याकाळी ७

मेहुण्याने तेच पाटीवर पुन्हा लिहून बायकोला दाखवलं. मोठ्या अभिमानाने. दाजींनी मुद्दाम केलं म्हणून.

बायको घरी आली. चप्पलही काढली नाही. पहिल्यांदा माझ्या दिशेने पाण्याची बाटली आली, मग फुलदाणी, मग इस्त्री. इस्त्री गार होती, हे मी तिच्या बाजूने नोंदवतो. दरवाज्याला खोक पडली, माझ्या दंडाला तीन टाके. ती म्हणाली, की लिफ्टमध्ये मला वेडी म्हणालात आणि त्याच्यासमोर छाती पुढे काढून कबूल केलंत. माझ्या भावाचा जबडा तुम्हाला गंमत वाटली? मी समजावून सांगायला गेलो, की त्याला सांगितलं ते खोटं आहे. ती म्हणाली, मग मला काय सांगताय ते खरं आहे? मी म्हटलं, स्प्रिंग. तिने टीव्हीचा रिमोट फेकला.

आज रात्रीपासून ती हॉस्पिटलातच राहणार आहे. सोफा रिकामा आहे. मला आडवं व्हावंसं वाटत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फिटरला कळलं की मी स्प्रिंगबद्दल लेखी दिलंय. त्याने वर्कशॉपमध्ये माझी कॉलर धरली. म्हणाला, चोराच्या उलट्या बोंबा. मी संकल्प आठवला आणि हात मागे ठेवले. त्याने माझ्या कानशिलात दिली. मग मी त्याला पान्यांची पेटी मारली. तो सरकला. पेटी मास्तरच्या खांबाला लागली. मास्तरला ओरखडाही नाही. फिटरने माझ्या दुसऱ्या कानशिलात दिली. दोन माणसांनी आम्हाला सोडवलं, त्यातल्या एकाचा चष्मा गेला.

मालकांनी तिघांना केबिनमध्ये घेतलं: मी, फिटर, टेस्टरबाई. बाईंनी चार वाक्यांत आपलं म्हणणं मांडलं. फिटर म्हणाला, नव्या स्प्रिंग घाला, वाटेल तिथून आणा. मग मी माझं म्हणणं मांडलं. ते अडीच तास चाललं. मालक शेवटी म्हणाले, की मला एवढंच सांगा, कोड बरोबर आहे का? मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. उद्या नव्या स्प्रिंग बसवा, आकडा एक ठेवा, समोर मी स्वतः उभा राहतो. माझ्या बायकोलाही बोलवा. सगळ्यांचीच खात्री होईल.

बाई म्हणाल्या, त्याआधी एकदा कंपाइल करा. चारच मिनिटं. मी म्हटलं, आता तो तत्त्वाचा प्रश्न आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०.४०

नव्या स्प्रिंग बसल्या. फाइलमध्ये एक लिहिलं. बायको आली आहे, दारापाशी उभी आहे. हेल्मेट घालणार नाही. एकच्या ठोशाला हेल्मेट घातलं तर लोक काय म्हणतील. वही बाकावर ठेवून जातो. पाच मिनिटांत परत येऊन निकाल लिहितो.

२२ फेब्रुवारी, शनिवार. हॉस्पिटल, चौथा मजला

अक्षर वाकडं येतंय. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत.

एकच ठोसा बसला. दुसरा बसायला मी जागेवर नव्हतो. नाकाचं हाड, समोरचे दोन दात, पडताना बोटं. शुद्ध आली तेव्हा वर मास्तरचे हात फिरताना दिसत होते आणि वायर उपटायला कोणी घाई केलेली दिसत नव्हती. फिटर चहा पीत होता, असं मला अंधुक आठवतं. कदाचित भास असेल.

मला मेहुण्याच्याच खोलीत टाकलंय. पलीकडची खाट. मध्ये पडदा.

काल टेस्टरबाई बघायला आल्या. फळं घेऊन. मला चावता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलं असावं. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर कोड नव्याने कंपाइल केला होता, फाइलमध्ये एक ठेवून. मास्तरसमोर काचेचा ग्लास ठेवला. मास्तरने ग्लासला हलकेच ढकललं, तो पडलाही नाही. त्यांनी त्याचा व्हिडिओ दाखवला. चार मिनिटं लागली, म्हणाल्या. बरोबर चार. मग म्हणाल्या, की हेही खरं दुरुस्त झालेलं नाही, आता ते एकवर गोठलंय. ती वरची ओळ खाली, आत, मास्तर सुरू झाल्यावर चालेल अशी हलवायला हवी. ते त्या करताहेत. मी काही बोललो नाही. बोलायला दात नव्हते, हेही आहेच.

बाईंच्या तीन बोटांची नखं काळी होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी हात पदराखाली घेतला.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी

बायको खाटेशेजारी बसली. दहा दिवसांनी. माझ्या नाकाकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, की मीच मूर्ख. मुद्दाम केलं असेल असं मला वाटलंच कसं? मुद्दाम करायला आधी ते यंत्र तुमचं ऐकायला हवं.

मी इतक्या दिवसांत कधी सुटलो नव्हतो इतका सुटलो. निर्दोष. मी तसं बोबड्या आवाजात म्हटलंही. तिचं हसू गेलं. ती म्हणाली, की निर्दोष कसले? बाईंनी आधीच सांगितलं होतं, चार मिनिटांचं काम होतं, तुम्ही त्यांना कपाटावर ढकललंत. तो खाली पडेपर्यंत त्याला नाटक करू नकोस म्हणून ओरडत होतात. त्याची स्पर्धा गेली. तुम्ही एकदा तरी म्हणालात, माझं चुकलं? लिफ्टमध्ये म्हणाला असतात तर मी तेव्हाच विश्वास ठेवला असता.

मी म्हटलं, चुकलं.

ती म्हणाली, मला नको. त्याला सांगा. तो अजून सगळ्या नर्सना लिहून सांगत असतो, दाजींनी मला नऊवर उभं केलं म्हणून.

मी म्हटलं, तो त्यात खूश आहे, तर राहू दे ना. कशाला मोडायचं? ती उठून गेली. जाताना तिने मधला पडदा सरकवला नाही, आणि बंदही केला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

रात्रभर ठरवलं. सांगणार. सोपं आहे, एक वाक्य. सकाळी सहाला सांगणार होतो, तेव्हा त्याची इंजेक्शनची वेळ होती. आठला त्याचा नळीने नाश्ता. नऊला कोच आला, त्याच्यासमोर कसं सांगणार. कोच त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की लेका, मी ऐकलं, नऊचे चार झेललेस, मला तुझ्यात ते कधी दिसलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, की त्या दिवशी हात उचलला, मनावर घेऊ नका, तुमचा विश्वास मोठा होता. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही.

कोच गेल्यावर पुन्हा ठरवलं. दहाला नक्की. दहाला डॉक्टर आले.

२५ फेब्रुवारी. संध्याकाळी ५

सांगितलं.

मी उठून त्याच्या खाटेपाशी गेलो. बोलताना फुसफुस होत होती म्हणून त्याचीच पाटी घेतली. डाव्या हाताने लिहिलं, की मी मुद्दाम केलं नाही. मी दोनच लिहिलं होतं. कोडमध्ये माझी चूक होती. मला माहीत नव्हतं ते नऊ आहे. माझं चुकलं.

पाटी भरली. त्याने सावकाश वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'मला माहीत नव्हतं' या शब्दांवर त्याने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. या वेळी नीट, वरून खाली.

त्याने अंगठ्याने ते पुसायला सुरुवात केली. एकेक शब्द, शेवटाकडून. मग मार्कर घेतला. मला वाटलं शिवी लिहील. फेकून मारील तरी, म्हणून मी हात नाकावर घेतला. त्याने लिहिलं: म्हणजे तुम्हालाही वाटत नव्हतं.

मी म्हटलं, काय? मग कळलं. मी म्हणायला गेलो, की अरे, चार झेललेस ते तर खरंच ना, ते कुठे गेलं. दात नसल्यामुळे ते नीट आलं नाही. नीट आलं असतं तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याने पाटी पोटावर उलटी ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी पाटी उचलून कोरी केली आणि मार्कर त्याच्या हातापाशी धरला. चारला धरला होता. साडेचारला नर्स आली आणि म्हणाली, की काका, त्यांना झोपू द्या.